ती बाटली कशासाठी

"बाई, तुमचा पेशंट कोणता?"

हा प्रश्न मला आमच्या मालकांनी विचारला. खाटेवर उताणे पडलेले, डाव्या खुब्याला पट्टी, हाताला सुई, आणि तोंडावर नव्या व्याह्यांची ओळख करून घेताना असतं तसं हसू. मी पदर खोचत होते. हात तिथंच राहिला.

"काय म्हणालात?"

"नाही, सकाळपासून बघायलोय, तुम्ही इथंच बसलाय. कोणाजवळ आहात?"

रेवण, आमचा थोरला, खिडकीपाशी चहाच्या थर्मासचं झाकण लावत होता. ते लागेना त्याला.

"अप्पा, ही अक्का आहे," तो म्हणाला. मला सगळेच अक्का म्हणतात, पोटची पोरंसुद्धा. "अक्का! ओळखलं नाही का?"

"असं होय," ते म्हणाले. मग माझ्याकडं बघून दोन्ही हात जोडले, सुईच्या हातासकट. "शरणार्थी, बाई."

दारात आलेल्या परक्या माणसाला आमच्यात असा नमस्कार घालतात. इतकी वर्षं या माणसाबरोबर संसार केला, त्याच्या आईची बोलणी खाल्ली, त्याच्या भावांची लग्नं लावली, आणि आता मला शरणार्थी. मी म्हटलं, "चेष्टा पुरे." पण मला कळत होतं की ही चेष्टा नाही. आमच्या ह्यांना चेष्टा करताच येत नव्हती. त्यांना बोलताच कुठं येत होतं?

सोलापुरात मार्केट यार्डाच्या मागं आमची खानावळ. ती मी चालवली, आता सुना चालवतात, म्हणजे त्यांना तसं वाटतं. ह्यांचं काम भाजी आणायचं. पहाटे सायकल काढायची, यार्डात जायचं, पिशव्या आणून ओट्यावर ठेवायच्या आणि दिवसभर गल्ल्यावर बसायचं. भाव काय लागला विचारलं तर बोटं दाखवून सांगायचे. असा माणूस एक दिवस वांग्यांची पिशवी हँडलला लावून येताना घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्याचं नाव सांगत नाही. त्यांची माणसं वाईट नव्हती, म्हणून सांगत नाही. आराध्ये म्हणून हाडांचे मोठे डॉक्टर होते, त्यांनी आत सळी घालून हाड जोडलं. उत्तम जोडलं. हे पुढं बरीच वर्षं त्या पायावर चालले आणि गेले ते दुसऱ्याच कारणानं, पाय शाबूत ठेवून. ऑपरेशन झालं, हे शुद्धीवर आले, भात खाल्ला, तंबाखू मागितली, मी दिली नाही, ते गप्प बसले. सगळं जसं असायला हवं तसं. आणि मग दिवस गेले तसे हळूहळू घसरत गेले. आधी वेळ चुकली, मग जागा चुकली. रेवणला भाऊ समजून हाक मारली. आणि शेवटी माझी ओळख चुकली.

आता त्या बाटलीचं सांगते.

रोज सकाळ, दुपार, संध्याकाळ सिस्टर यायची. छोट्या बाटलीत पांढरी भुकटी असायची, त्यात पाणी सोडायची, हलवायची आणि सलाईनमधून ह्यांच्या अंगात जाऊ द्यायची. माझं शिक्षण तिसरीपर्यंत, तेही मास्तर बरे होते म्हणून. पण माझ्या घरातल्या माणसाच्या अंगात काय जातंय हे विचारायला शाळा लागत नाही. ऑपरेशनच्या दिवशी मी आराध्ये डॉक्टरांना विचारलं होतं.

"अँटिबायोटिक आहे, बाई. आत सळी बसवलीय ना, जखम चिघळू नये म्हणून."

पटलं. पुढं पट्टी बदलताना मी जखम बघितली. कोरडी, स्वच्छ. बाटली चालूच. सिस्टरला विचारलं, आता कशासाठी?

"लघवीची नळी आहे ना त्यांना. त्यातनं इन्फेक्शन होतंय कधी कधी."

तेही पटलं. मग नळी काढली. बाटली चालूच. तिथं वॉर्ड सांभाळायला गुंजाळ म्हणून डॉक्टर होते. भला माणूस, घाईत असायचा, चालता चालता उत्तर द्यायचा.

"मध्ये एकदा अंग गरम होतं ना त्यांचं, अक्का. छातीत कफ असेल. त्यासाठी."

"आता अंग गार आहे."

"हो की. बाटली लागू पडली म्हणायची."

"मग बंद करा."

"लागू पडलेलं औषध कोणी बंद करतंय का?" असं म्हणून ते पुढच्या खाटेकडं गेले.

आमच्याकडं जेवायला येणारी कॉलेजची पोरं उशिरा आली की रोज नवं कारण सांगायची. बस चुकली, सर सोडत नव्हते, चप्पल तुटली. मला त्या बाटलीचं तसं वाटायला लागलं. बाटली तीच, कारण रोज वेगळं. त्यात हे बरळायला लागल्यावर तर गुंजाळ डॉक्टरांनी कहर केला.

"डोक्यापर्यंत इन्फेक्शन गेलं असेल, अक्का. आता तर बाटली पाहिजेच."

रेवण म्हणाला, "बघ. बरं झालं चालू होती ते."

बाटली चालू असताना इन्फेक्शन डोक्यात गेलं कसं? आणि बाटलीनं ते अडलं नाही, तर तीच बाटली आता काय करणार? पण डॉक्टर म्हणतो, मुलगा म्हणतो. मी बसले गप्प. म्हणजे माझ्या मानानं गप्प.

त्या दुपारी वॉर्डात शांत होतं. रेवण जेवायला गेला होता. हे माझ्याकडं तोंड करून पडले होते.

"तुमचे मालक काय करतात, बाई?"

मी आधी ठरवलं होतं की या वेड्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नाही. पण त्यांचे डोळे इतके स्वच्छ होते, की खोटं धरावं असं काही दिसेना.

"भाजी आणतात," मी म्हटलं.

"विकायला?"

"नाही. आमची खानावळ आहे."

"आमचीपण आहे की!" ते एवढे खूश झाले की उठायला बघायला लागले. मी खांदा दाबून आडवं केलं. "मग वांगी कुठनं घेता?"

"मला ठाऊक नाही. तेच आणतात."

"विचारत जावा. वांगं देठाकडं दाबायचं. असं, अंगठ्यानं. खड्डा पडून परत वर आला तर ताजं. खड्डा राहिला तर घ्यायचं नाही, कितीही स्वस्त देऊ दे. आणि सगळ्यात वरचं कधी उचलायचं नाही, ते दाखवायचं असतंय. हात खाली घालायचा..."

वांग्यावर ते किती वेळ बोलले देवाला ठाऊक. मग दोडका, मग शेवग्याच्या शेंगा, मग यार्डातल्या एका दलालाची बनवाबनवी, ती तर अशी रंगवली की मला हसू आवरेना. मी जन्मभर त्यांनी आणलेली वांगी चिरली, आणि ती कशी निवडतात ते त्या दुपारी कळलं, तेही परकी बाई म्हणून.

"तुमचे मालक घरात बोलतात का?" त्यांनी मधेच विचारलं.

"नाही."

"का बरं?"

"ते त्यांनाच विचारा."

"बोलायला जागा लागते, बाई. आमच्या मंडळी पहाटे उठल्या की सुरू. पीठ मळताना पिठाशी बोलतात. भाकरी थापताना भाकरीला शिव्या. गिऱ्हाईक आलं की गिऱ्हाइकाला. दिवस मावळला तरी चालूच. इथं बघा. किती शांत आहे इथं."

मी त्यांची चादर सरळ केली. तरी विचारलं, कारण विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

"मग... त्रास होत असेल तुम्हाला त्याचा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. तोंड उघडलं. तेवढ्यात सिस्टर ट्रे घेऊन आली. "चला अप्पा, हात सरळ." भुकटी, पाणी, हलवणं, सलाईन. ती गेली तेव्हा ह्यांचे डोळे पुन्हा कुठंतरी लांब गेले होते.

"बाई," ते म्हणाले, "तुमचा पेशंट कोणता?"

मी बाहेर जाऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसले. मला रडू येत नव्हतं, राग येत होता. कोणाचा तेच कळत नव्हतं. त्यांचा म्हणावं तर तो माणूस जाग्यावर नाही. आणि जाग्यावर नसताना बोलला ते खरं, की जाग्यावर असताना बोलला नाही ते खरं? इतकी वर्षं माझ्या आवाजाखाली हा माणूस गुदमरला होता की काय? तिथंच मी ठरवलं. हे मला ओळखणार असतील तर ओळखू देत. त्यानंतर मी त्यांच्यापुढं तोंड उघडणार नाही. तुम्हाला शांत हवं ना? घ्या शांत.

पण आधी ओळखायला तर हवं.

संध्याकाळी गुंजाळ डॉक्टर आले तेव्हा मी वाट अडवून उभी राहिले.

"डॉक्टर, मला एकच सांगा. ही बाटली चालू ठेवा म्हणून आज कोण म्हणालं?"

"आज कोणी म्हणालं असं नाही. चालू आहे ना, अक्का."

"कोणी चालू केली?"

"आराध्ये सरांनी."

"मग ते बंद का करत नाहीत?"

"मणियार सर बघतात ना आता." मणियार डॉक्टर म्हणजे पोटाछातीचे मोठे डॉक्टर. ताप आला तेव्हापासून दुपारचे येऊन ह्यांना तपासून जायचे. "त्यांना अजून द्यायची असेल."

"असेल म्हणजे? तुम्ही विचारलं?"

गुंजाळ डॉक्टरांनी खाली बघितलं. "आराध्ये सरांचं औषध आहे, अक्का. मोठा माणूस आहे. मी मणियार सरांना कसं विचारू, की तुम्ही सरांचं औषध बंद का करत नाही म्हणून?"

ते तोंड मी ओळखलं. तशी दोन तोंडं माझ्या घरात आहेत.

आमच्या खानावळीत रीत आहे. ज्यानं चुलीवर भांडं चढवलं त्यानंच ते उतरवायचं. दहा हात लागले की चव बिघडते, म्हणून मी ती घातली. एकदा मी हुग्गी शिजत ठेवली, गव्हाची खीर, मोठ्या पातेल्यात, आणि शेजारी मयत झालं म्हणून उठून गेले. परत आले तर घरभर धूर. थोरली सून महानंदा आणि धाकटी दोघी पातेल्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या. हातात फडकी. उतरवलं मात्र नाही. "अक्का, तुम्ही ठेवली होती म्हणून," महानंदा म्हणाली. "मला वाटलं तुम्ही हिला सांगून गेलाय." धाकटी म्हणाली, "मला वाटलं थोरलीला ठाऊक असेल किती आटवायची ते." हुग्गी कोळसा. मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. रीत मात्र मोडली नाही, मोडू देणारही नाही. पण डोळ्यांदेखत जळणारं पातेलं उतरवायचं नाही, हे रीतीत कुठंच नव्हतं.

आणि इथं पातेल्यात माझा माणूस होता.

वॉर्डात आराध्ये यायचे सकाळी, मणियार दुपारी. एकमेकांचं तोंड बघत नसतील दिवसचे दिवस. मी रेवणला म्हटलं, "उद्या दुपारी डबा आण. दोन माणसांचा. भरली वांगी, कडक भाकरी, शेंगाची चटणी, लोणी. आणि दही विसरू नको."

"कोणाला?"

"डॉक्टरांना."

"अक्का, असं नाही चालत इथं. डॉक्टर लोक असं कोणाचं खातेत का?"

"तू आण. खातेत का नाही ते मी बघते."

आराध्ये डॉक्टर ऑपरेशनं उरकून दुपारी मागच्या खोलीत बसतात हे मी आल्या दिवसापासून बघत होते. बिस्किटं खायचे. एवढा मोठा डॉक्टर आणि चहात बुडवून बिस्किटं! मी डबा घेऊन सरळ आत गेले. रेवण दारात, कानापर्यंत लाल.

"बाई, हे काय?"

"जेवण. माझ्या नवऱ्याचं हाड जोडलंत, पैसे घेतलेत ते दवाखान्याचे. हे माझं."

झाकण काढल्यावर माणूस काय बोलणार? वास सुटला. त्यांनी हात धुतले. तोवर मी रेवणला मणियार डॉक्टरांकडं पिटाळलं. काय सांगून आणलं त्यानं देव जाणे, पण ते आले. आराध्यांना जेवताना बघून दारातच थबकले.

"या हो मणियार," आराध्ये म्हणाले. "बसा. वांगं बघा काय झालंय."

दोघं जेवायला बसले. मी वाढत होते. माझ्या पंगतीतून अजून कोणी अर्ध्या ताटावरून उठलेलं नाही. दोघांच्या तोंडात घास होता तेव्हा मी विचारलं.

"ती पांढरी बाटली तुमच्यातल्या कोणाची?"

दोघांनी एकमेकांकडं बोट केलं. खोटं सांगत नाही. एकाच वेळी.

"मी ऑपरेशनपुरती सांगितली होती," आराध्ये म्हणाले. "ती तर केव्हाच... मला वाटलं तुम्ही छातीसाठी पुढं चालू ठेवलीय."

"नाही सर. छाती स्वच्छ होती. आत सळी आहे, तुमचा पेशंट, म्हटलं तुम्हाला हवी असेल."

"अहो, मग विचारायचं ना!"

"तुमचं औषध मी कसं बंद करायचं, सर?"

मणियार डॉक्टरांनी भाकरी ताटात ठेवली.

"मावशी," ते मला म्हणाले, "मालकांची किडनी वयामुळं जरा मंद आहे. मंद किडनीत हे औषध साठतं कधी कधी. साठलं की माणूस भ्रमतो. असं होतं."

"मग त्यानंच झालंय?"

"तसं छातीठोक नाही सांगता येत."

"आणि गुंजाळ म्हणतोय तसं खरंच डोक्यात इन्फेक्शन असेल तर?" आराध्ये म्हणाले. "बाई, मग बंद करणं अंगाशी येईल. दोन्ही होऊ शकतं."

रेवण दारातून बोलला, "मग राहू दे की चालू. औषधच आहे, विष आहे का?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणजे कोण? तिसरी पास. हातात दह्याचं भांडं. मला काय कळतंय किडनीतलं? ते दोघं एवढं शिकलेले, त्यांना कळेना, आणि बघतात माझ्याकडं. मला इतकं गोंधळल्यासारखं झालं की खरं सांगते, एक क्षणभर मला उठून पळून जावंसं वाटलं. पण मग मी ओट्यापाशी विचार करते तसा केला. शिळं काय, ताजं काय, ते बाजूला ठेवायचं, आणि आज नव्यानं चूल पेटवायची असती तर काय चढवलं असतं ते बघायचं.

"मला एवढंच सांगा," मी म्हटलं. "हा माणूस आज पहिल्यांदा तुमच्या दारात आला असता. असाच, आज आहे तसा. तर तुम्ही ती बाटली लावली असती का?"

मणियार आधी बोलले. "ती नसती लावली. आधी तपासलं असतं."

आराध्यांनी ताट जरा बाजूला सारलं. "नाही," ते म्हणाले.

"मग उतरवा."

"बाई, जबाबदारी..."

"दोघांची. अर्धी अर्धी. आणि वांगं संपवा, टाकायचं नाही."

आराध्यांनी गुंजाळांना बोलावून बाटली बंद करायला सांगितलं, मणियारांनी डोक्यात इन्फेक्शन आहे का ते बघायला पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासायला सांगितलं. बाहेर आल्यावर रेवणनं मला बाकावर बसवलं. "आता काही झालं तर, अक्का?" तो म्हणाला. मी त्याला गप बस म्हटलं नाही.

आणि बाटली बंद झाली तर काय, हे जास्तच बिघडले. चादर ओढायला लागले, कोणालातरी यार्डात हाका मारायला लागले. रेवण माझ्याकडं बघायचा आणि नजर वळवायचा. मुलानं तोंडावर बोलावं, ते परवडतं. पाण्याचा रिपोर्ट स्वच्छ आला, तरी हे तसेच. मी गुंजाळ डॉक्टरांना म्हटलं, "परत लावायची का?" माझ्या तोंडातून हे आलं! ते म्हणाले, "मणियार सर म्हणालेत थांबा. साठलेलं उतरायला वेळ लागतो." मी थांबले. थांबणं म्हणजे काय असतं ते मला तोवर ठाऊक नव्हतं. माझ्या आयुष्यात गिऱ्हाईक थांबलं होतं, मी नाही.

एका सकाळी ऊन खाटेवर आलं होतं. मी ह्यांचा पाय पुसत होते.

"चष्मा कुठं ठेवलास?"

मी वर बघितलं नाही. भीती वाटली.

"आणि तू इथं काय करायलीस? खानावळीत कोण आहे?"

तू. मला तू म्हणाले. मी हातातलं फडकं पिळलं, पुन्हा पिळलं, पाणी निघत नव्हतं तरी पिळलं. रेवण ओरडलाच, "अप्पा!" आणि त्यांच्या छातीवर डोकं ठेवून रडायला लागला, एवढा मोठा बाप्या. ते त्याच्या डोक्यावर हात ठेवून गोंधळून बघत होते. वांग्याचं काहीच आठवत नव्हतं त्यांना. परकी बाई आठवत नव्हती. मला खूप काही बोलायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं सगळं. पण मला बाकावर बसून ठरवलेलं आठवलं. मी चष्मा काढून दिला, आणि एक शब्द बोलले नाही.

चहा दिला, बोलले नाही. सिस्टरनं अंथरूण वाकडं घातलं, मी बघितलं, बोलले नाही. शेजारच्या खाटेवरच्या पाहुण्यानं माझ्या बादलीत चूळ भरली. तरी नाही. हे चष्म्यातून माझ्याकडं बघायचे, मग रेवणकडं, मग परत माझ्याकडं. रेवणनं विचारलं, "काय पाहिजे, अप्पा?" त्यांनी मान हलवली. नेहमीसारखेच गप्प. मी मनात म्हटलं, झालं ना आता मनासारखं? घ्या.

गुंजाळ डॉक्टर राउंडला आले. त्यांनी नाव विचारलं, गाव विचारलं, वार विचारला. ह्यांनी सगळं बरोबर सांगितलं. डॉक्टर खूश.

"काही त्रास होतोय का, अप्पा?"

"मला नाही." त्यांनी माझ्याकडं बोट केलं. आणि मग जे बोलले ते एवढं मोठं वाक्य शुद्धीत असताना मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "डॉक्टर, आमच्या मंडळींना बघा की जरा. सकाळपासून आवाज नाही. त्या माणसानं बादलीत चूळ भरली, तरी नाही. असं कधीच झालेलं नाही. हिला काहीतरी झालंय. मला... मला काही बरं वाटेना." त्यांचा चष्म्यामागचा डोळा ओला होता. हात चादर चाचपत होता, माझा हात शोधत.

गुंजाळ डॉक्टर माझ्याकडं वळले. "काय होतंय, अक्का? घसा आहे का? हवाच तशी आहे." त्यांनी खिशातून पेन काढलं. "थांबा, एक अँटिबायोटिक लिहून देतो, म्हणजे—"

"ठेवा ते पेन खाली!" मी म्हटलं. "ठेवा म्हणते ना! कशासाठी लिहिताय? घसा बघितला? ताप बघितला? नुसतं पेन दिसलं की औषध! माझा माणूस नेला होता तुम्ही लोकांनी पार यार्डापलीकडं, तो कसाबसा परत आणला, आता मला पाठवताय? आणि सिस्टर, तुम्ही हसू नका, ती चादर आधी सरळ घाला, दोन हात दिलेत देवानं. आणि पाहुणे, तुम्ही! होय, तुम्हीच! ती बादली तुमच्या वडिलांनी आणून ठेवली होती का?"

किती वेळ बोलले मलाच ठाऊक नाही. अख्खा वॉर्ड उठून बसला. गुंजाळ डॉक्टर पेन खिशात घालून मागं मागं सरकत दारापर्यंत गेले. रेवण भिंतीकडं तोंड करून हसत होता. दम घ्यायला थांबले तेव्हा बघते तर ह्यांनी डोळे मिटले होते. मान एका बाजूला.

"अहो?"

डोळे न उघडता त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"थांबलीस का?" ते म्हणाले. "बोल की."